ब्लॉकखालचा मुरूम मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पालिकेच्या रस्त्यांच्या कामात ठेकेदारांकडून मागितल्या जाणाऱ्या टक्केवारीची कालच्या अंकातली बातमी वाचली. कोणी किती टक्के मागितले यावर अख्खा रकाना गेला. ते टक्के निघतात कुठून, यावर एक ओळ नाही! निविदेची फाईल चाळून काही हाती लागणार नाही, ती नेहमी चोख असते. पैसा रस्त्याखालून निघतो.

सोलापूरच्या हद्दवाढ भागातली, म्हणजे शहरात नंतर सामील झालेल्या वस्तीतली, पेव्हिंग ब्लॉकची गल्ली घ्या. लांबी १०० मीटर, रुंदी ४ मीटर. खाली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. म्हणून ती खोदून बाहेर टाकायची, मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने दाबायचा, त्यावर खडी, मग बारीक कच आणि वर ब्लॉक. दाबून २० सेंटिमीटर मुरूम धरला असेल तर ८० घनमीटर होतो, म्हणजे सुमारे २८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सैल माल त्याहून जास्त आणावा लागतो. प्रत्यक्षात १० सेंटिमीटर टाकला की १४ ब्रासचे पैसे वाचतात, शिवाय तेवढी खोदाई आणि माती वाहून नेण्याचा खर्चही. बिल मात्र पूर्ण निघते. निविदा २५ टक्के कमी दराने भरायची आणि वर टक्केही द्यायचे, तर ठेकेदार दुसरे कुठून काढणार? ८० मिलिमीटरऐवजी ६० चा ब्लॉक बसवला तर तो एक ब्लॉक उचकटून पट्टीने मोजता येतो. मुरूम कोणी उकरत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गल्ली लाटांसारखी होते आणि दोष अवजड वाहनांवर जातो.

झाकला जाणारा थर झाकण्याआधी कनिष्ठ अभियंत्याने मोजायचा, मोजमाप पुस्तिकेत लिहायचा, उपअभियंत्याने तपासायचा, असा नियम आहे. नेमका तेव्हाच नगरसेवकाचा फोन येतो: लोकार्पणाची तारीख ठरली आहे, ब्लॉक बसवून घ्या, नोंदी नंतर करा. नंतरची नोंद म्हणजे अंदाजपत्रकातले आकडे जसेच्या तसे उतरवणे. ज्या अभियंत्याला बदलीची भीती आहे तो हे करतो, आणि मला त्याचा राग येतो तितकीच कीवही येते.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० नुसार पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो. पण ठेका पुतण्याच्या नावावर असला की सिद्ध करता करता नगरसेवकाची मुदत संपते. मुरूम मोजायला अर्धा तास पुरतो.

माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. १० रुपयांचा अर्ज झोन कार्यालयात द्या. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने, प्रत्येक थराची तारखेसह छायाचित्रे आणि ब्लॉकचा चाचणी अहवाल मागा. ‘रस्ता खराब का झाला’ असे विचारू नका. ‘का’चे उत्तर देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. पाने मिळाली की आधी तारखा पाहा. खोदाई, मुरूम आणि ब्लॉक यांची मोजमापे एकाच दिवशी लिहिलेली असतील तर ती टेबलावर बसून लिहिलेली आहेत. लेखी तक्रार दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून देण्याची मुदत, संपण्याआधी करा, कारण ठेकेदाराची अनामत एकदा परत गेली की दुरुस्ती आपल्याच करातून होते.

मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक होते. त्या काळातली कामेही यातून सोडू नयेत. सभागृह नव्हते, मोजमाप पुस्तिका होतीच.

 

आपल्या वार्ताहराने पुढची बातमी करताना कोणत्याही एका प्रभागातली एक मीटर बाय एक मीटर जागा अभियंत्यासमोर उघडून घ्यावी आणि पट्टीसह छायाचित्र छापावे. पावसाळ्याआधी.

आपला,
एक करदाता, जुळे सोलापूर