बालवाडीच्या वेळेत उद्यानांची दारे उघडी हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की लहान मुलांसाठीच्या निसर्ग-शिबिरांच्या जाहिराती सर्वत्र दिसू लागतात. शहराबाहेरच्या एखाद्या शेतघरावर एका दिवसाचा कार्यक्रम असतो. त्यात चिखलात खेळणे, बैलगाडीतून फेरी, गाईला चारा घालणे आणि झाडाखालचे जेवण असते. शुल्क मात्र कष्टकरी कुटुंबाच्या आठवड्याच्या कमाईच्या घरात जाते. अशा शिबिरांना माझा विरोध नाही. तिथे मुले आनंदात असतात आणि पालकही. परंतु तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या निसर्गशिक्षणाची गरज एवढ्याने भागली असे समजले जाऊ लागले आहे, आणि ही समजूत चुकीची आहे, असे बालवाडीत अनेक वर्षे काम केलेली शिक्षिका या नात्याने मला वाटते. या वयाच्या मुलाला निसर्ग जवळ हवा, पुन्हापुन्हा हवा आणि घरातल्या माणसांच्या सोबतीने हवा. त्यासाठी लागणारी जागा आणि माणसे आपल्या शहरांत आजही आहेत. अडथळा आहे तो प्रामुख्याने वेळापत्रकांचा आणि नियमांचा.

तीन वर्षांच्या मुलाला नवीन ठिकाणाची ओढ आपल्याला वाटते तेवढी नसते. तेच झाड, तोच दगड, तोच मुंग्यांचा रस्ता त्याला रोज पाहायचा असतो, कारण काल पाहिलेल्या गोष्टीत आज काय बदलले हे त्याला तेव्हाच कळते. रस्त्याकडेचा साधा करंज घ्या. चैत्रात त्याला कोवळी, चकचकीत पालवी येते, पुढे फिक्या जांभळ्या फुलांचा सडा झाडाखाली पडतो आणि मुले तो ओंजळीने गोळा करतात. नंतर पानांवर फोडांसारख्या गाठी उठतात आणि ‘झाडाला ताप आला का?’ असा प्रश्न येतो. त्यानंतर चपट्या शेंगा धरतात, वाळतात आणि खाली पडतात. हे सारे एका दिवसात दाखवता येत नाही. ते पाहण्यासाठी मुलाला त्याच झाडाखाली आठवड्यातून निदान एकदा जाता आले पाहिजे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही, म्हणूनच तो बाहेरून आणल्यासारखा विकला जातो याचे वाईट वाटते. डेन्मार्क-जर्मनीतील जंगल-बालवाड्यांचा दाखला आज अनेक महागड्या शाळा देतात. तो देण्यात गैर काही नाही. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालवले. तिथे विकत आणलेल्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे आणि माती हीच शिक्षणाची साधने होती. गुरे राखायला जाणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर या बायकांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलाच्या घरी जाऊन, पाड्यावर बसून, आईबापांना सोबत घेऊन शिकवायचे ही त्या कामाची रीत होती. ज्या राज्यात हे घडले, तिथल्या बालवाडीतील मूल आज फळ्यावर चिकटवलेल्या छापील चित्रावरून ‘झाडाचे भाग’ पाठ करते.

धोरणाच्या पातळीवर मान्यतेची उणीव नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून शिक्षणाच्या रचनेत घेतला. त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, भोवतालच्या निसर्गाविषयी मुलांच्या मनात आपुलकी निर्माण व्हावी, हे एक ध्येय म्हणून नोंदवले गेले. त्याच्या कितीतरी आधी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा होतीच, आणि आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. शाळेत ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक तिसरीपासून हाती येते. त्याआधीच्या वयाला पुस्तक नाही हे चांगलेच आहे. पण पुस्तकाच्या जागी प्रत्यक्ष परिसर यायला हवा होता, तो आला नाही.

तो का आला नाही, याचे एक कारण अगदी साधे आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. पुण्यासारख्या शहरात महापालिकेची बहुतेक उद्याने सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी उघडतात, दहा-अकराच्या सुमारास बंद होतात आणि पुन्हा चारनंतर उघडतात. बालवाड्या आणि अंगणवाड्या नेमक्या या मधल्या वेळेत भरतात. सेविका पंधरा-वीस मुलांची रांग करून शेजारच्या उद्यानापर्यंत गेली तरी दाराला कुलूप असते. आत जाता आले तरी ‘हिरवळीवर चालू नये’, ‘फुलांना हात लावू नये’ हे फलक असतात, आणि गळलेली पाने पहाटेच झाडून नेलेली असतात. मोठ्यांसाठी हे नियम रास्त असतील. परंतु ज्या वयात हात लावल्याशिवाय काही कळत नाही, त्या वयाच्या मुलांसाठी उद्यानाचा एक कोपरा तरी या नियमांतून मोकळा हवा. तिथे गवत कापू नये, औषध फवारू नये, पाने पडू द्यावीत, मातीचा एक ढीग असावा आणि हात धुण्यासाठी नळ असावा. याला नवा निधी फारसा लागत नाही.

मोठी निसर्गकेंद्रे आपल्याकडे आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे. मिठी नदीकाठी, पूर्वी कचराभूमी असलेल्या जागेवर १९९४ साली उभे राहिलेले माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, पुण्यातील एम्प्रेस गार्डन आणि टेकड्या ही सारी मोठ्या मुलांसाठी उत्तम ठिकाणे आहेत. पण वस्तीत राहणाऱ्या आईला तीन वर्षांचे मूल कडेवर घेऊन, दोन बस बदलून तिथे जाणे महिन्यातून एकदाही शक्य होत नाही. या वयासाठी चालत जाण्याच्या अंतरावरचे साधे उद्यान जास्त उपयोगाचे आहे.

दुसरा मुद्दा कुटुंबांचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या बालवाडीच्या दारात कढीपत्त्याची एक कुंडी होती. तिच्या पानावर एकदा पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले आणि ‘ही चिमणीची शी हलते’ असे एका मुलाने सांगितले. ती फुलपाखराची अळी होती. लहानपणी तिचे रूप असेच फसवे असते. काही दिवसांनी ती हिरवीगार झाली, आणि कोणी काडीने स्पर्श केला की डोक्यामागून लालसर रंगाची दोन टोके बाहेर काढून उग्र वास सोडू लागली. मुलांना सोडायला येणाऱ्या बायका ती काढून टाका म्हणत होत्या. तेव्हा मराठवाड्यातून बांधकामाच्या कामावर आलेल्या एका आईने त्यांना सांगितले की अळी लागलेली भाजी आम्ही बिनघोर खातो, कारण तिच्यावर औषध मारलेले नसते. त्या दिवसापासून मुले आणि आया मिळून त्या कुंडीकडे पाहू लागल्या. अळीने रेशमी धाग्याने स्वतःला फांदीला बांधून घेतले, कोष झाला आणि एका सकाळी तो रिकामा दिसला. त्या आईला तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, टाकळा या साऱ्या भाज्या पानावरून ओळखता येत होत्या. शिक्षिका म्हणून मला त्यातल्या निम्म्याही ओळखता येत नव्हत्या. वर्गातल्या पालकसभेत गप्प बसणारी ही बाई कुंडीजवळ सर्वांना शिकवत होती.

पालक मेळावा आपल्याकडे अंगणवाडीतही होतो आणि खासगी बालवाडीतही. त्यात मुलाचे वजन, आहार, गणवेश, शुल्क आणि सूचना यांवर बोलणे होते व सभा संपते. यांपैकी काही मेळावे झाडाखाली भरवावेत, पहिल्या पावसानंतर उगवलेल्या भाज्या आजीने ओळखून दाखवाव्यात, वडिलांना येता यावे म्हणून एखादा मेळावा त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी ठेवावा. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, ते तसेही सकाळी उद्यानाच्या बाकावर बसलेले असतात; नातवंडाच्या वर्गासोबत तासभर थांबायला त्यांना सांगितले तर ते आनंदाने थांबतील. मुलाने बालवाडीत पाहिलेली गोष्ट घरातल्या माणसानेही पाहिलेली असेल, तर संध्याकाळी त्या विषयावर घरात बोलणे होते. नाहीतर ‘माती घाण असते, हात लावू नको’ हेच वाक्य घरी ऐकावे लागते आणि सकाळी शिकलेले तिथेच संपते.

पालकांची भीती मात्र उगाच नसते. आपल्या उद्यानांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर पिवळी कण्हेर सर्रास लावलेली आहे. तिच्या बिया अत्यंत विषारी असतात आणि त्या मुलांच्या हाताला सहज लागतात. लाल-काळी गुंज दिसायला मोहक आणि तितकीच घातक असते. गाजरगवताने अंगावर पुरळ येते, केसाळ सुरवंटाने खाज सुटते, पावसाळ्यात वाढलेल्या गवतात सापाची शक्यता असते, आणि भटकी कुत्री व फुटलेल्या काचा यांचा धोका बाराही महिने असतो. म्हणून मुलांच्या कोपऱ्यातून पिवळी कण्हेर काढून टाकणे, मुले येण्यापूर्वी माळ्याने जागेवरून एक फेरी मारणे आणि सेविकांच्या प्रशिक्षणात विषारी वनस्पतींची ओळख करून देणे या गोष्टी आधी व्हायला हव्यात. हे प्रशिक्षण उद्यान विभागातील अनुभवी माळ्यांनी द्यावे. झाडांची इतकी प्रत्यक्ष माहिती असलेली माणसे महापालिकेकडे असताना बाहेरून व्याख्याते बोलावण्याची गरज नाही.

सेविकेची अडचणही समजून घेतली पाहिजे. तिच्याकडे पोषण आहार, नोंदवह्या, मोबाइलवरील माहिती भरणे, सर्वेक्षणे अशी कामे आधीच आहेत. मुलांना बाहेर नेले आणि एखाद्याचे ढोपर फुटले, तर जाब तिलाच विचारला जाईल या धास्तीने ती दार ओढून घेते. म्हणून परिसर-फेरी हा बालवाडीच्या कामाचा भाग आहे, तिला आठवड्यातून एक दिवस ठरवून द्यावा आणि सोबत पाळीने दोन-तीन पालक असावेत, असे लेखी परिपत्रक महिला व बालविकास विभागाने काढणे आवश्यक आहे. तोंडी प्रोत्साहनाने सेविकेला संरक्षण मिळत नाही.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. मृगाचा पाऊस पडल्यावर लाल मखमली किडे जमिनीवर दिसतात ते थोडेच दिवस, आणि वर्षाची पहिली फेरी त्याच सुमारास व्हावी अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी महापालिकांच्या उद्यान विभागांनी प्रत्येक प्रभागातील निदान एक उद्यान सोमवार ते शुक्रवार अकरा ते एक या वेळेत बालवाड्या-अंगणवाड्यांसाठी उघडे ठेवावे, तसा फलक मेअखेरपर्यंत दारावर लावावा आणि त्या भागातील सेविकांना कळवावे, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, पुणे