दुर्मीळ पाहुण्याचा पत्ता छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाडीवर आलेल्या ‘ग्रेट नॉट’ या दुर्मीळ पक्ष्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. फोटो झकास होता. पण खाडीचं नाव, कोणत्या बांधावरून जायचं, भरती किती वाजता, सगळंच छापलंत. तीच बातमी वाचून रविवारी मीही तिथे पोचलो, तेव्हा या तक्रारीत माझाही वाटा धरावा.

सकाळी ओहोटी होती. पक्षी लांब चिखलात पांगलेले, दुर्बिणीतून नुसते ठिपके. पाणी चढू लागलं तसा चिखल आक्रसत गेला आणि थवा आमच्याकडे सरकला. पाणटिवळ्यांच्या लांब पायांआडून तो दिसला. त्यांच्यापुढे ठेंगणा, राखाडी, छातीवर काळे ठिपके. चोच चिखलात खुपसून त्याने एक शिंपला ओढला आणि अख्खा गिळला. कवचाचा चुरा करायचं काम पोटातली पेषणी करते.

तेवढ्यात दोघे जण मोबाइल घेऊन चिखलात उतरले. अख्खा थवा उडाला, घिरटी घालून बसला. ते आणखी पुढे गेले, थवा पुन्हा उडाला. तासाभरात असं पाच वेळा झालं. ‘उडाला तर उडाला, पंख आहेतच की,’ असं कोणी तरी म्हणालंसुद्धा.

पंख आहेत, पण ते फुकट चालत नाहीत. ग्रेट नॉटची घरटी ईशान्य सायबेरियात, आणि बहुतेकांचा हिवाळा ऑस्ट्रेलियात. परतताना वायव्य ऑस्ट्रेलियातून चीनच्या किनाऱ्यापर्यंतचे सुमारे ५,४०० किलोमीटर ते एका दमात कापतात. त्यासाठी आधी खाऊन खाऊन चरबी साठवायची. तीही पुरत नाही. उड्डाणाआधीच्या आणि नंतरच्या पक्ष्यांची तुलना केली तेव्हा स्नायू, आतडी, यकृत, सगळंच घटलेलं निघालं. मेंदू आणि फुप्फुसं तेवढी शाबूत. अशा पक्ष्याला ओहोटीचे मोजकेच तास खायला मिळतात आणि भरतीत विसावा. ते दोन्ही आम्ही हिरावून घेतलं.

त्यात वाटेतले थांबेही कमी होत चाललेत. दक्षिण कोरियातल्या सेमांगमची ३३ किलोमीटर लांब समुद्रभिंत २००६ मध्ये पूर्ण झाली, तिथला चिखल भिंतीआड गेला आणि या पक्ष्यांचा एक मोठा थांबा संपला. आज ग्रेट नॉट संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.

बातमी जरूर द्या, पण नेमकी जागा गाळा, निदान पक्षी मुक्कामाला आहे तोवर. आणि शेजारी एक चौकट टाका: पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, की आपण फार जवळ आलो आहोत, तिथूनच मागे फिरावं.

त्या दोघांना आमच्यापैकी कोणीच अडवलं नाही. थवा उडताना फोटो सगळ्यांनाच मिळत होते. माझाही त्यातलाच आहे, म्हणून सोबत जोडलेला नाही.

आपला,
एक नियमित वाचक