तुझे ७१ जीबी

गिरगाव, रविवार

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस आणि मागे तुझ्या ऑफिसातली माणसं बोलत असतात. म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

गेल्या मंगळवारी आपल्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरने मला बाहेर उभं केलं. पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तीच चौकट, तेच "पासवर्ड द्या". असं सात-आठ वेळा. कॅप्स लॉक पाहिलं, की-बोर्ड उलटा करून झटकला (दोन भाजक्या शेंगदाण्यांची सालं निघाली, ती कुणाची ते आईला विचार). मंडळाचा सगळा जमाखर्च त्यात, आणि ऑडिटर शुक्रवारी येणार.

संध्याकाळी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. दुकानातला मुलगा पुरतं ऐकायच्या आधीच म्हणाला, "काका, आणा. फॉरमॅट मारतो, तासाभरात नवाकोरा." मी विचारलं, आतलं सामान? तर म्हणे, बॅकअप असेल ना. हे म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून खोली पाडायची. मी निघून आलो.

रात्री मग हिशेबनिसाच्या पद्धतीने बसलो. आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. लगेच लाल अक्षरात "चुकला" म्हणाला. बरोबर टाकला तर काही न बोलता काळा होऊन परत. म्हणजे मला ओळखतोय, आत मात्र घेत नाहीये. इथे माझा जीव भांड्यात पडला, कारण पासवर्ड विसरायचं वय झालं की काय ही धाकधूक दुपारपासून होती. आईला बोललो नव्हतो.

मग कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तू चिकटवलेलं ते कालनिर्णयचं पान आठवलं. पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंयस, "बाबा, अडलात तर". कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, जुन्या पतपेढीतल्या टर्मिनलसारखी. नाव टाकलं. पासवर्ड टाकायला गेलो तर काहीच उमटेना, ठिपकासुद्धा नाही. वाटलं, की-बोर्ड गेलाच. तुझ्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं, "पासवर्ड दिसत नाही, तरी टाकत राहा." हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतंस.

आत गेलो. डीएफ, स्पेस, डॅश, एच, म्हणजे डिस्कवर किती जागा उरली ते विचारलं. एक ओळ आली आणि सगळा उलगडा झाला: एकूण ११७ जीबी, वापरलेले ११३, उपलब्ध शून्य, शंभर टक्के भरलेली.

आता मला सांग, ११७ वजा ११३ किती? चार. मग उपलब्ध शून्य कसे? चाळीस वर्षं खतावणी लिहिली, असला ताळेबंद कुणी पुढे ठेवला असता तर परत पाठवला असता. पहिल्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोराला बोलावलं, त्याने सांगितलं. डिस्कचा पाच टक्के भाग रूटसाठी, म्हणजे यंत्राच्या मालकासाठी, राखून ठेवलेला असतो. तुझ्यामाझ्यासारख्या साध्या वापरणाऱ्याला तो मोजूनही दाखवत नाहीत. अगं, ही तर गंगाजळी! आमच्या पतपेढीला कायद्याने नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागायचा, आणि तो दाखवून कुणी कर्ज मागू शकत नसे. ११७ चे पाच टक्के म्हणजे पावणेसहाच्या वर. तिथे चारच शिल्लक होते. अपडेट रूटच्या नावाने होतात, त्यांनी गंगाजळीतही हात घातला होता.

आणि पासवर्ड बरोबर असून आत का नाही? आत घेताना यंत्र माझ्या फोल्डरमध्ये दोन-तीन छोट्या फायली लिहितं, एकीत तर नुसती या खेपेची ओळखचिठ्ठी. चिठ्ठी लिहायला जागा नाही, म्हणून सगळा डाव मोडून पुन्हा दारात. काळ्या पडद्यावर यातलं बरंचसं लागत नाही, म्हणून तिथून शिरता आलं. एवढं सगळं होऊन "जागा नाही" हे दोन शब्द मात्र त्या दारावर येत नाहीत.

तुझ्या पानावरचं सुडो ॲप्ट क्लीन केलं (सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने). उतरवून घेतलेल्या जुन्या अपडेटच्या फायली गेल्या, सव्वा-दीड जीबी निघाले. डीएफ केलं, तरी उपलब्ध शून्यच! आता मात्र मला कळलं होतं. आधी गंगाजळी भरून निघणार, मग आपल्या हाती काही लागणार. मग ॲप्ट ऑटोरिमूव्ह. जुनी कर्नल, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, गेली, आणखी दोन निघाले. उपलब्ध दीड जीबी. कंट्रोल, ऑल्ट, एफ-७, पासवर्ड, आणि समोर आपला नेहमीचा पडदा, गणपतीचा फोटो. रात्रीचा दीड वाजला होता. आई उठून म्हणाली, "झालं का? आता झोपा."

पहिल्या मजल्यावरचा पोरगा म्हणाला होता, काका, तो पाच टक्क्यांचा एक टक्का करून टाकू, झटक्यात साडेचार जीबीच्या वर मोकळे. मी नको म्हटलं. गंगाजळी मोडून खर्च चालवणाऱ्या संस्था मी पाहिल्यात.

माझी चूकही कबूल करतो. पंधरा दिवस आधी "जागा कमी आहे" अशी पाटी कोपऱ्यात येत होती, मी ती बंद करत होतो. सुप्रभातचे फोटो पुसले, पण ते कचरापेटीत गेले आणि तिथेच बसून राहिले. कचरा गॅलरीत ठेवल्याने खोली रिकामी होत नाही, हे मला कळायला हवं होतं. अर्थात ती पेटी रिकामी करून दोनशे एमबीच निघाले.

आता मुद्द्याचं. जागा खाल्ली कुणी ते पाहायला सुडो डीयू लावलं. माझं फोल्डर ९ जीबी. तुझं ७१.

सुडो लावलं की तुझ्या फोल्डरच्या आतही दिसतं, हे मला आता ठाऊक आहे. पाहिलं नाही. पोटमाळ्यावरच्या तुझ्या ट्रंकेसारखं फक्त बाहेरून वजन केलं. पण ती ट्रंकही चार वर्षं तिथेच आहे, आणि तिच्यामुळे आईची चकलीची परात बाल्कनीत ठेवावी लागते. लॉगिनच्या पडद्यावर अजून माझ्या नावाच्या वर तुझं नाव येतं. ते राहू दे. सामान ने.

गणपतीला येशीलच. पुण्याहून सीएसएमटीला उतरलीस तर आता टॅक्सी करू नकोस, मेट्रोने दुसरं स्टेशन गिरगाव. येताना बाहेरून जोडायची डिस्क आण, किंवा आपण दोघं लॅमिंग्टन रोडला जाऊन घेऊ. त्या दुकानात नको.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी पुन्हा डीएफ केलं. दीडचे १.१ झालेत.