पन्नाशीनंतर मानधन मिळतं, पंचविशीत काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाच्या बातम्या अधूनमधून आपल्या पेपरात येतात. राजर्षी शाहू महाराज मानधन सन्मान योजनेत पूर्वी अ, ब, क अशी वर्गवारी होती, २०२४ पासून सरसकट महिना ५००० रुपये झाले, चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण मुळात अट आहे पन्नाशी पूर्ण पाहिजे आणि उत्पन्न कमी पाहिजे. म्हणजे आधी माणूस कलेत पार थकू दे, मग बघू. पंचविशीतल्या पोराने काय करायचं, त्यातही स्वतःची गाणी स्वतः लिहून, चाल लावून, रेकॉर्ड करून नेटवर टाकणाऱ्याने, याचं उत्तर मला कुठल्याच ऑफिसात मिळालेलं नाही.

मी मिरजेचा. मागच्या खोलीला फोम लावून छोटा होम स्टुडिओ केलाय. आमच्या गावच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पेढे वाटले आम्ही. वाद्याला टॅग मिळाला, वाजवणारी पोरं मात्र लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून पोट भरतात आणि रात्री अकरानंतर माझ्याकडे येऊन स्वतःचं गाणं रेकॉर्ड करतात, कारण तेव्हा रस्त्यावरचा आवाज कमी असतो.

आता ग्रँट अजिबातच नाहीत असं नाही. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची सीसीआरटी या त्यांच्याच प्रशिक्षण संस्थेमार्फत तरुण कलाकारांना स्कॉलरशिप आहे, वय १८ ते २५, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. पुढे २५ ते ४० साठी ज्युनिअर फेलोशिप, महिना १०,०००, आणि चाळिशीनंतर सीनिअर, महिना २०,०००. ही माहिती किती जणांना आहे? आमच्याकडच्या एका पोराला घेऊन मी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसलो. कुठल्या गुरूकडे किती वर्षं शिकलात, किमान पाच वर्षं पाहिजेत. हा पठ्ठ्या डफ आजोबांकडून शिकलाय आणि बाकी सगळं यूट्यूबवरून. आजोबा आता नाहीत, मग गुरूचं पत्र कोण देणार? बरं विषय कुठला निवडायचा, शास्त्रीय, उपशास्त्रीय, लोककला? तो डफावर रॅप करतो, मराठीत. अर्धा तास नुसतं त्या एका रकान्यावर बसलो आणि शेवटी लॅपटॉप मिटला. फेलोशिपला प्रोजेक्ट लिहून द्यायचा असतो, तिथे वेगळीच तऱ्हा. बजेट लिही म्हटलं तर त्याने एका ओळीत "एकूण खर्च ५० हजार" लिहिलं. अरे कशाचे, मिक्सिंगचे किती, वादकांचे किती, प्रवासाचे किती? त्याला हे कोणी शिकवलेलंच नाही, संगीत विशारदच्या परीक्षेत तालाचे ठेके विचारतात, बजेट विचारत नाहीत.

आणि कोणी म्हणेल नेटवरून कमावतात की. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय, बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. गावाकडच्या नवीन पोराला हजार गाठताना फेस येतो. शिवाय २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का झालाय, त्यासाठी रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं, गायकांसाठी तशीच इसामरा आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांत ही नावं ऐकलेला क्वचितच सापडतो. ही ग्रँट नाही, हक्काचे पैसे आहेत, आणि तेही असेच राहून जातात.

कॅनडात १९८२ पासून फॅक्टर नावाची संस्था आहे, तिथल्या खासगी रेडिओ स्टेशनांचे आणि सरकारचे पैसे एकत्र करून ती नवीन कलाकारांना रेकॉर्डिंगला, टूरला, मार्केटिंगला मदत करते. गंमत म्हणजे फ्रेंच गाण्यांसाठी त्यांनी वेगळी संस्था ठेवलीय, कारण इंग्रजीच्या गर्दीत फ्रेंच मागे पडणार हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे हिंदीच्या गर्दीत मराठीचं काय होतं ते मी सांगायला नको, आणि एफएमवाले मराठी गाणी किती लावतात हा विषय तर काढूच नका, डोकं फिरतं.

आपलं राज्य मराठी सिनेमाला लाखांत अनुदान देतं, नाटकाला देतं, तमाशाला देतं. मग मराठी अल्बमलाच का नाही? मी करोडो मागत नाहीये. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने पहिल्या रेकॉर्डिंगसाठी पन्नास हजार ते लाखभराची मदत ठेवावी, हप्त्यांनी द्यावी, निवड डेमो ऐकून करावी, गुरूचं पत्र बघून नको. निवड समितीत शास्त्रीयवाले असू देत, पण हिपहॉप ऐकलेला एक तरी माणूस बसवा, नाहीतर तेच ते. आणि प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस, आठवड्यातून एक दिवस बसला तरी चालेल, जो प्रपोजल कसं लिहायचं, बजेट कसं मांडायचं हे दाखवेल. मानधनाचे अर्ज पंचायत समितीत घेता येत होते तर हे का नाही जमणार, मला तरी कळत नाही.

तोवर पोरांना एवढंच सांगतो की कलेच्या कामांना ग्रँट देणारी बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था मराठीत लिहिलेलं प्रपोजल पण घेते, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका.

आणि तुम्हाला एक विनंती, नोकरभरतीच्या जाहिराती तुम्ही दर आठवड्याला छापता, त्याच पानावर एका कोपऱ्यात अशा स्कॉलरशिप-ग्रँटच्या शेवटच्या तारखा छापाल का? चौकट छोटी असली तरी चालेल, कात्रण काढून स्टुडिओच्या दारावर मी चिकटवीन.

आपला,
एक वाचक, मिरज