गोळी सापडली, पण कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या फोर्ट रिकव्हरीवरचा पुरवणीतील लेख आवडला. मात्र तिथल्या उत्खननाला ‘खजिन्याचा शोध’ म्हणणे खटकले. मेटल डिटेक्टर दिसला की आपल्याला गुप्तधनच आठवते!

४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे तिथेच वाबाश नदीकाठी अमेरिकी सैन्याचा जनरल सेंट क्लेअर याच्या छावणीवर मायामी, शॉनी, डेलावेअर आदी मूळनिवासी जमातींनी एकजुटीने हल्ला चढवला. लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट हे त्यांचे सेनानी. सहाशेहून अधिक सैनिक कापले गेले. मूळनिवाशांनी १८७६ मध्ये केलेला अमेरिकी सेनाधिकारी कस्टरचा गाजलेला पराभवही याच्या निम्मा भरत नाही. डिसेंबर १७९३ मध्ये अमेरिकी जनरल अँथनी वेनच्या फौजेने तिथली हाडे पुरून त्याच जागी लाकडी कोट उभारला, तोच फोर्ट रिकव्हरी; आणि ३० जून १७९४ ला तिथेच पुन्हा लढाई जुंपली.

खरी गोम इथे आहे. दोन लढायांच्या गोळ्या एकाच मातीत, आणि वर आज अख्खे गाव! बॉल स्टेट विद्यापीठाचे अभ्यासक तिथे काम करतात ते याच गुंत्यात. चपटी झालेली गोळी कशावर तरी आदळलेली असते. साच्याची शिवण (शिसे ओतताना उमटलेली रेघ) शाबूत असलेली गोल गोळी बहुधा हातातून निसटलेली, म्हणजे तिथे कोणीतरी बंदूक ठासत उभा होता. पण हे कळते ते ती नेमकी कुठे मिळाली याची नोंद असेल तरच. हौशी माणसाने खिशात घातली की उरते नुसते शिसे.

ओहायोतच फॉलन टिंबर्सला १७९४ ची आणखी एक लढाई झाली. स्मारक उभे होते, लोक तिथे फुले वाहत होते; १९९५ मध्ये डिटेक्टरने पाहणी झाली तेव्हा खरे रणांगण जवळच्याच शेतात निघाले.

सेंट क्लेअरच्या पराभवाची लेखी हकिगत बहुतेक पराभूत सैन्याचीच आहे. जिंकणारे कुठून आले, कुठे दबा धरून बसले, हे ताडायला या गोळ्यांची जागा उपयोगी पडते. आपल्या लेखात मात्र वेनच्या तोफांना दोन रकाने आणि लिटल टर्टलला एक ओळ. मायामींना पुढे त्यांच्या मुलखातून हुसकावले गेले. त्यांचे शासन आज ओक्लाहोमात आहे. लेखाचा दुसरा भाग येणार असेल, तर त्यांची बाजूही छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा