साहेब, इन्सुलिन 'सुस्थितीत' मिळालं अशी सही मी करणार नाही

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, परवा दुपारी तुमच्या अन्न व औषध प्रशासन खात्याचा शिपाई माझ्या शाहूपुरीतल्या मेडिकलमध्ये एक खाकी खोका घेऊन आला. एप्रिलमध्ये जप्त केलेला माल, 74 दिवसांनी परत. सुतळी तीच, लाखेचं सील तेच, चिठ्ठीवर माझीच तेव्हाची सही. सोबत पोचपावती : 'वरील माल सुस्थितीत मिळाला.' खाली पेन्सिलीनं फुली मारलेली, इथं सही करा. आत इन्सुलिन आहे, साहेब. प्रत्येक डबीवर छापलंय, 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवा. खोका कुठं होता विचारलं, तर शिपाई बिचारा खरं बोलला, "रेकॉर्ड रूममध्ये, मॅडम. कपाटावर."

मी सही केली नाही.

तपासणीला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 22 नं निरीक्षकाला दुकानात शिरायचा, झडती घ्यायचा, नमुने आणि माल ताब्यात घ्यायचा अधिकार दिलाय आणि तो हवाच. 1986 साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं 14 रुग्ण गेले. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधानं गेली. दोन्हीकडं विष एकच, डायइथिलीन ग्लायकॉल. हे माहीत असताना निरीक्षकाला दारात अडवणारी मी नव्हे.

पण झालं काय ते ऐका. दुपारचा दीड वाजलेला, काउंटरवर सात-आठ गिऱ्हाईकं. निरीक्षक साहेबांनी फ्रिज उघडला, थर्मामीटर बघितलं, तापमानाच्या तक्त्यात दोन दिवसांच्या नोंदी राहिल्या होत्या म्हणून सगळ्यांसमोर मला झापलं. चूक माझीच होती, ऐकून घेतलं. मग इन्सुलिनची खरेदीची बिलं मागितली. त्यातलं एक सापडेना. होलसेलरला फोन लावला, त्यानं वीस मिनिटांत मोबाईलवर पाठवलंही. तोवर एका बिलासाठी फ्रिजमधलं सगळं इन्सुलिन खोक्यात गेलं होतं. पंच म्हणून समोरचा चहावाला. जप्त मालाची नमुना 16 ची पावती मात्र चोख मिळाली. मी म्हटलं, "साहेब, आईसपॅक तरी घाला की आत, माझ्याकडं आहेत." तर म्हणाले, "पुराव्यात बाहेरचं काही घालता येत नाही." आणि खोका गाडीच्या मागच्या सीटवर, एप्रिलच्या उन्हात. अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस मला दोन नोंदींवरून कोल्ड चेन, म्हणजे औषध सतत थंड कसं ठेवायचं ते, शिकवत होता!

हट्ट धरला असता तर? त्याच कलमात आहे, निरीक्षकाला अडथळा आणला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आईसपॅकपायी तीन वर्षं.

जाताना साहेब म्हणाले होते, "बिल आणून दाखवा, आठवड्यात मोकळं करतो." बिल मी दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिलं. त्यानंतर सहा हेलपाटे. एकदा साहेब मीटिंगला, एकदा दौऱ्यावर, एकदा जेवायला गेलेले ते चार वाजेपर्यंत जेवतच होते.

म्हणून मीच कायदा वाचला. कलम 22 उलटलं की कलम 23 लागतं, तुमच्या लोकांच्या पुस्तकात ते पान चिकटलेलं असावं. माल जप्त केला तर न्यायदंडाधिकाऱ्यांना लवकरात लवकर कळवायचं आणि माल कुठं, कसा ठेवायचा याचे आदेश त्यांच्याकडून घ्यायचे. मालात दोष नाही असं दिसलं की ताबडतोब परतीची व्यवस्था करायची. कोर्टाला कळवलं का विचारलं, तर उत्तर आलं, "प्रोसेसमध्ये आहे." एखाद्या न्यायाधीशानं नुसतं 'फ्रिज आहे का?' एवढं विचारलं असतं तरी माझा माल वाचला असता.

आणि रजिस्टर! माझं एच-वनचं रजिस्टर, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंदवही, तीही त्याच दिवशी उचलली. कलम 22 म्हणतं, नकला काढून घेऊन 20 दिवसांत परत द्या. माझं रजिस्टर परवाच्या खोक्याबरोबरही आलं नाही. हेच रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं बंधन माझ्यावर आहे. उद्या दुसरे साहेब आले आणि म्हणाले दाखवा रजिस्टर, तर काय दाखवू? पहिल्या साहेबांचा फोटो?

नुकसान किती म्हणाल, तर तक्रारीत मी 18 हजार लिहिले होते, नंतर बिलं लावून बघितली तर 14,380 निघाले. घाईत इन्सुलिनचे पेन दोनदा मोजले गेले. पण पैशाचं सोडा. जप्तीनंतर चार दिवसांत गल्लीत झालं, 'हिच्याकडं डुप्लिकेट सापडलं.' पंधरा वर्षं माझ्याकडून इन्सुलिन नेणाऱ्या आजी रस्ता ओलांडून पलीकडच्या मेडिकलला जायला लागल्या. हे दुकान आमच्या ह्यांनी थाटलं, ते गेल्यापासून मी एकटी बघते. 2019 च्या पुरात पाणी दुकानात शिरलं, लाईट गेली, तेव्हा थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून सगळं इन्सुलिन मी डोक्यावरून राजारामपुरीत बहिणीच्या फ्रिजला पोचवलं. तेव्हा एक व्हायल खराब झाली नव्हती.

आता मोठ्या गोष्टी. औषध नियंत्रणावरच्या माशेलकर समितीनं 2003 सालीच सांगितलं होतं, दर 200 विक्री दुकानांमागं एक निरीक्षक हवा. मेडिकल तर आता गल्लीगल्लीत झालीत, निरीक्षक मात्र बोटांवर मोजण्याइतके. मग ते जातात कुठं? जिथं फार्मासिस्ट हजर असतो, रजिस्टर लिहिलेलं असतं, बाई एकटी असते, तिथं. भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणाऱ्या दुकानांत, जिथं मालक पुण्यात आणि फार्मासिस्ट नुसता भिंतीवरच्या फ्रेममध्ये, तिथं बघायला काही नसतंच, त्यामुळं तपासणी झटपट होते. आणि चुकलंच एखादं, तरी कलम 37 आहेच : सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल दावा नाही. माझ्या दोन नोंदी राहिल्या त्याही सद्भावनेनंच राहिल्या होत्या, साहेब.

लोक म्हणतात कोर्टात जा. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, मुंबईची एसटी वाचली, मान्य. पण 14 हजारांच्या मालासाठी वकील 20 हजार सांगतात.

मला भरपाई नको. माझं रजिस्टर द्या. न्यायदंडाधिकाऱ्यांना कधी कळवलं त्या पत्राची नक्कल द्या. आणि जप्तीच्या गाडीत एक आईसबॉक्स ठेवा, मेडिकलला लागतो तेवढाच, फार महाग नसतो.

पोचपावतीवरचा 'सुस्थितीत' हा शब्द खोडून, 'सील शाबूत, औषध वापरण्यायोग्य नाही' असं लिहून मी सही करायला तयार होते. शिपाई म्हणाला, खाडाखोड चालत नाही. खोका सीलबंद काउंटरखाली आहे. फ्रिजमध्ये ठेवलेला नाही, आता काय उपयोग.

आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट
शाहूपुरी, कोल्हापूर

ता. क. तापमानाचा तक्ता त्या दिवसापासून रोज दोनदा भरते. बघायचा असेल तर कधीही या.