टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत संधिवातावरील ‘बायोलॉजिक’ इंजेक्शनांविषयी आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. ही औषधे शरीरातील ‘सूज वाढवणारे प्रथिन’ अडवतात, असे त्यात म्हटले आहे. ते खरे आहे. परंतु तेच प्रथिन आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू कोंडून ठेवण्याचे काम करत असते, याचा लेखात उल्लेखही नाही. मी तीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे आणि या त्रुटीची किंमत माझ्या घरात मोजली गेली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या प्रथिनाचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, संक्षेपाने टीएनएफ. पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी प्रथिने बाहेर सोडतात, त्या सायटोकाइन गटातील हे एक आहे. रक्तात ही प्रथिने मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात मोजली जातात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा मात्रेने पेशीचे वागणे बदलते, कारण पेशीच्या पृष्ठभागावर त्या-त्या निरोपासाठी वेगळा रिसेप्टर असतो आणि तिथे प्रथिन बसले की आत ठरावीक जनुके कामाला लागतात.

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतो तेव्हा त्याला पहिल्यांदा गिळते ती मॅक्रोफेज ही भक्षक पेशी, म्हणजे जन्मजात प्रतिकारसंस्थेची पहारेकरीण. एरवी ती गिळलेला जंतू पाचक रसांच्या पिशवीत नेऊन संपवते. क्षयाचा जंतू मात्र ज्या पिशवीत असतो तिचे त्या पाचक पिशवीशी होणारे मीलन थोपवून धरतो आणि पेशीच्या पोटातच मुक्काम करतो. या कोंडीतून मॅक्रोफेजला बाहेर काढतो तो दुसऱ्या पेशींकडून, मुख्यतः टी-पेशींकडून, आलेला इंटरफेरॉन गॅमा हा निरोप. तो मिळाला की तीच पेशी अधिक आम्लधर्मी, अधिक मारक होते. मॅक्रोफेजला असे जागे करणारा घटक हाच, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील कार्ल नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. ज्या बालकांमध्ये या प्रथिनाचा रिसेप्टरच जन्मतः सदोष असतो, त्यांना बीसीजी लशीतला दुबळा जंतूही सहन होत नाही आणि तो सर्व शरीरभर पसरतो. अशी बालके फार विरळ असतात, त्यामुळे कोणीही यावरून बीसीजी टाळू नये; एका निरोपावर किती अवलंबून असते ते दिसावे, म्हणून हे उदाहरण दिले.

इतके करूनही काही जंतू उरतात. त्यांच्याभोवती मॅक्रोफेज आणि इतर पेशी दाटीने जमून गाठ तयार करतात, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ही गाठ बांधणे आणि वर्षानुवर्षे ती शाबूत ठेवणे यासाठी टीएनएफचा पुरवठा चालू राहावा लागतो. तो थांबवला की गाठ विस्कटते आणि आत निपचित पडलेला जंतू मोकळा होतो. २००१ मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफरोधक औषधानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच आजार झाला होता, आणि ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा होता. अमेरिकेत क्षय तुलनेने दुर्मीळ आहे. आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (२०१९–२१) पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये क्षयाचा संसर्ग आढळला. त्यांतील बहुतेकांना तो कधीच त्रास देणार नाही, पण तो गाठीत कोंडलेला राहिला तरच.

माझ्या थोरल्या बहिणीला अकरा वर्षे आमवात आहे. शहरातील एका खासगी रुग्णालयात तिला हे इंजेक्शन सुरू झाले आणि महिन्याभरात तिची बोटे उघडली. कित्येक वर्षांनी तिने स्वतःच्या हाताने भाकरी थापली. या औषधाचे मोल मी कधीही नाकारणार नाही. मात्र त्याआधी तिची क्षयाची कोणतीही तपासणी झाली नव्हती. तिसऱ्या महिन्यात संध्याकाळचा ताप सुरू झाला, वजन उतरले, आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ असल्यामुळे दीड महिना टायफॉइडचे उपचार चालले. शेवटी मानेतल्या गाठीच्या तपासणीत क्षय निघाला. ती आता बरी आहे, पण ते दीड महिने टाळता आले असते.

ही तपासणी अवघड नाही. हातावर टोचण्याची मांटू चाचणी सर्वत्र होते. दुसरी इग्रा ही रक्तचाचणी. तिच्यात रुग्णाच्या रक्तपेशींसमोर क्षयजंतूची प्रथिने ठेवून त्या किती इंटरफेरॉन गॅमा सोडतात ते मोजतात, म्हणजे वर सांगितलेला निरोपच तिथे वाचला जातो. सुप्त संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक औषधे आधी सुरू करून मग काही आठवड्यांनी इंजेक्शन देता येते. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात दोन्ही चाचण्या फसव्या नकारात्मक येऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांनी घरात पूर्वी कोणाला क्षय झाला होता का, हेही विचारले पाहिजे. आमच्या वडिलांना झाला होता. तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिताना क्षयाच्या तपासणीचा उल्लेख चौकटीत, ठळक अक्षरांत यावा. आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मथळा कृपया टाळावा. २०२१ मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांसाठी नातेवाईक टोसिलिझुमॅबच्या शोधात वणवण फिरत होते, आणि ते औषध इंटरल्यूकिन-६ हा प्रतिकारसंस्थेचाच एक निरोप अडवणारे होते. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत ते दिलेल्या रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यू ३१ टक्के, न दिलेल्यांत ३५ टक्के होते. तिथे हा निरोप थोपवल्याने काही जीव वाचले, माझ्या बहिणीच्या मानेत टीएनएफ थोपवल्याने जंतू सुटले. ‘वाढवणे’ या एका शब्दात यातले काहीच बसत नाही.

बायोलॉजिक इंजेक्शन घेणाऱ्या वाचकांनी औषध स्वतःहून मात्र बंद करू नये. आपली क्षयाची तपासणी झाली आहे का, एवढे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे आणि अहवालाची प्रत मागून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली